हातमोज्याला फिरायला नेणाऱ्या बाई

"तुझी आई गेली. आत्ताच घरून फोन आला होता."

बाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. मी नोकरीवर नवीन होते. स्टुलावर बसले होते आणि माझ्या हातात अँबू बॅग होती. ज्याचा श्वास बंद पडलाय त्याच्या छातीत हाताने हवा भरायची ही रबरी पिशवी. तिच्या तोंडाला माणसाऐवजी एक हातमोजा बांधलेला होता. पिशवी दाबली की मोजा फुगायचा, त्याची पाच बोटं गाईच्या आचळासारखी ताठ व्हायची, आणि सोडली की मोजा मान टाकायचा. बाई समोर बसून चहा पीत होत्या. आईचं ऐकलं आणि माझे हात जिथल्या तिथे थांबले.

बाईंनी बशी खाली ठेवली. "मेला," त्या म्हणाल्या. "पेशंट मेला तुझा. आई बरी आहे. परत सुरू कर."

आई खरंच बरी होती. घरी कर्जतला तांदूळ निवडत बसली होती. संध्याकाळी तिला हे सांगितलं तेव्हा तिने बाईंना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. बाई मात्र प्रत्येक नव्या सिस्टरला असंच काहीतरी सांगायच्या. कोणाची नोकरी गेली, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं. ऐकताना हाताचा ताल बदलला की पेशंट मेला. "रस्त्यात लोक रडतात, ओरडतात, पाया पडतात," त्या म्हणायच्या. "हाताला कान नसले पाहिजेत."

मला त्या आवडायच्या नाहीत. आज आवडतात असंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण ज्यांनी त्यांना घालवलं त्यांचा विचार मनात आला की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाई म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर. आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं, खालापूरच्या बाजूला, जुन्या हायवेला लागून. नाव सांगत नाही. सांगून त्यांचं काही बिघडणार नाही, त्रास मलाच होईल. हायवेवर ठोकरलेले, कुंभिवलीकडच्या कारखान्यांत गॅस लागलेले, डोंगरातल्या वाड्यांवरून साप चावून आलेले, असे सगळे आधी आमच्याकडे यायचे. आमच्याकडे अतिदक्षता विभाग म्हणजे दोन खाटा आणि एक पडदा. तेव्हा जास्त असलेल्याला पनवेलच्या पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, आणि रस्त्यात त्याचा श्वास चालू ठेवायला आमच्याकडे एक मशीन होतं. उचलून नेता येईल असा छोटा व्हेंटिलेटर, शिलाई मशीनच्या पेटीएवढा. करोनाच्या साथीनंतर एका देणगीदाराने दिलेला. देणगीदाराचं नाव मशीनच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात त्याच्यावर होतं.

बाई सकाळी पळसदरीहून जुनाट स्कूटरवर यायच्या. आल्या की नमस्कार-चमत्कार नाही. सरळ मशीनपाशी जायचं आणि चार्जरच्या डबीवर तळवा ठेवायचा. डबी कोमट लागली तर ठीक. गार लागली की त्या दिवशी कोणाचीच धडगत नसायची. मशीनवर हिरवा दिवा असतो, तो दिसला की चार्जिंग चालू, असं कंपनीच्या माणसाने आम्हाला शिकवलं होतं. बाईंचा दिव्यावर विश्वास नव्हता. "हिरवा दिवा म्हणजे सासूचं हसू," त्या म्हणायच्या. "डबीला हात लावून बघ." बाईंना स्वतःला सासू होती का, नवरा होता का, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची छाती कोणाची?

ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायची चावी एकदा जागेवर नव्हती. शोधाशोध झाली तेव्हा ती पॅन्ट्रीत सापडली. कोणीतरी तिने सुपारी फोडली होती. बाईंनी चावीला साखळी घातली आणि पोस्टातल्या पेनासारखी सिलिंडरलाच बांधून टाकली. नंतर पॅन्ट्रीतल्या मावशींना इतकं बोलल्या की त्या बिचाऱ्या दोन दिवस कामावर आल्या नाहीत. सुपारी मावशींनी फोडलीच नव्हती हे पुढे कळलं. बाईंनी माफी मागितली नाही. त्यांच्या शब्दकोशात ते पानच नव्हतं.

पण सगळ्यांत जास्त हसं झालं ते त्यांच्या फेरीचं. दर आठवड्याला एकदा बाई मशीन अँब्युलन्समध्ये ठेवायला लावायच्या, नळीच्या टोकाला हातमोजा बांधायच्या आणि मशीन बॅटरीवर चालू करून चौक गावापर्यंत जाऊन यायच्या. गाडीत पेशंट नाही. सायरन नाही. स्ट्रेचरवर नुसता मोजा, फुगतोय आणि बसतोय. शेजारी बाई, त्यांची नजर मोज्याच्या बोटांवर. कुठे खड्ड्यात गाडी आपटली आणि नळी निसटली, कुठे बॅटरी लवकर उतरली, कुठे झडप अडकली, हे सगळं त्यांना रिकाम्या गाडीत कळायला हवं असायचं. आमचे ड्रायव्हर जनादादा कुंभिवलीचे. त्यांना याची फार लाज वाटायची.

"बाई, मानूस नाय, कोन नाय, नुसता मोजा घेऊन फिरायचं म्हंजे काय?" ते एकदा म्हणाले. "चौकात लोकं इचारतात, आज कोन हाय आत. काय सांगू त्यांना?"

"सांगा, मोजा आजारी आहे," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून हॉस्पिटलात त्यांचं नावच पडलं. हातमोज्याला हवा खायला नेणारी बाई. ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांनी डिझेल फुकट जातं म्हणून फेरी बंद करायला सांगितली, तर बाईंनी मशीन स्वतःच्या स्कूटरवर पुढे पायापाशी ठेवलं आणि मोजा हँडलला बांधून फेरी मारून आल्या. जुन्या हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी ते पाहिलं. सेक्रेटरीसाहेबांनी मुकाट्याने गाडी परत दिली.

खंडेनवमीचं भांडण मात्र दरवर्षीचं. आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारं पाटावर बसतात. कारखान्यांत यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. घरी विळे-कोयते, गॅरेजात पाने, टेंपोवाल्याचा टेंपो, सगळ्यांना हळद-कुंकू. आणि पूजेला लावलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, त्याला तेवढी विश्रांती. रीत चांगली आहे. मी स्वतः घरी विळीची पूजा करते. विळीला एक दिवस सुट्टी दिली तर भोपळा काही पळून जात नाही. पण हॉस्पिटलच्या हॉलमध्ये पाट मांडला की सगळ्यांच्या नजरा त्या मशीनकडे वळायच्या, कारण आमच्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

बाई मशीनला हात लावू द्यायच्या नाहीत. "हा नोकर आहे," त्या म्हणायच्या. "नोकराला पाटावर बसवलं की काम मालकाला करावं लागतं." मग तडजोड म्हणून त्यांनी एक मोडकं बीपीचं यंत्र काढून दिलं होतं. मशीन आल्यापासून त्याचीच पूजा व्हायची. पारा सांडून गेलेलं, पट्टा फाटलेलं ते यंत्र दरवर्षी माळ घालून पाटावर बसायचं. ते बिचारं त्या दिवसाची वाट पाहत असणार, कारण एरवी त्याला कोणी विचारत नव्हतं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी देणगीदार स्वतः पूजेला येणार होते. सेक्रेटरीसाहेबांना मशीन कुठून चालू होतं ते ठाऊक नव्हतं, पण कुठल्या बाजूने त्याचा फोटो चांगला येतो ते पक्कं ठाऊक होतं. बाई नसण्याचा दिवस त्यांनी बरोबर साधला. मशीन वॉर्डातून हॉलमध्ये आलं. पाट मांडला होता तिथे प्लग नव्हता. शिवाय लोंबणारी वायर फोटोत वाईट दिसते म्हणून चार्जर काढून ऑफिसच्या कपाटात ठेवला गेला. देणगीदारांनी कुंकू लावलं, भटजींनी सांगितलं तशा मूठभर अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दसरा. ऑफिसला कुलूप. चावी घेऊन सेक्रेटरीसाहेब सोनं वाटायला आपल्या गावी.

दसऱ्याच्या सकाळी सोमीला आणलं.

सोमी डोंगरातल्या एका ठाकरवाडीतली, तरुण, लेकुरवाळी. भात कापणीचे दिवस, दमून जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली, मग पापण्या उचलेनात, मग मान धरेना. मण्यारीचं चावणं असंच असतं, दात उमटलेला दिसतही नाही. नवऱ्याने झोळीत घालून खाली आणली, खालून टेंपोने आमच्याकडे. आली तेव्हा तिचा श्वास घशातच अडकत होता. आम्ही विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि बाईंना फोन केला. बाई आल्या, तिच्या घशात नळी घातली आणि म्हणाल्या, "मशीन."

एका सिस्टरने हॉलकडे बोट दाखवलं. बाई वॉर्डातल्या रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिल्या. मग हॉलकडे गेल्या. मी त्यांच्या मागे धावले.

पाटापाशी वॉचमन उभा होता. बाईंनी माळ ओढून काढली तेव्हा तो चाचरत म्हणाला, "बाई, उत्तरपूजा व्हायचीय अजून."

"मग तिची उत्तरक्रिया आधी करू का?" बाई म्हणाल्या. तो बाजूला झाला.

त्यांनी मोजा बांधून मशीन चालू केलं. बोटं उठली नाहीत. मशीन ठणाणा करायला लागलं. बाईंनी नळीची झडप उघडली. आत कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. अक्षत. त्यांनी ती नखाने काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. बोटं उठली. मग त्यांनी बॅटरी पाहिली. अर्धीसुद्धा नव्हती. गाडीत लावायला प्लग होता, चार्जर कुलपात होता. वॉचमनने कुलूप तोडायला नकार दिला. बाईंनी स्वतः लाथ घातली, पण दार सागवानी, देणगीतलं. त्यात वेळ घालवायला सवड नव्हती.

आम्ही निघालो. मागे बाई, मी आणि सोमी. पुढे जनादादा, त्यांच्या शेजारी सोमीचा नवरा. रस्त्यावर दसरा उतू चालला होता. झेंडूचे ढीग, माळा घातलेल्या नव्या गाड्या, पेढे वाटायला मध्येच थांबलेले ट्रॅक्टर. चौकच्या नाक्यावर गाडी अडकली आणि तिथेच मशीनने आधी शिटी मारली, मग पडदा काळा झाला. बाईंनी ते व्हायच्या आधीच नळी सोडवून अँबू लावली होती. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्य तर मुळीच नव्हतं. "दाब," त्या स्वतःशी म्हणाल्या. "सोड. थांब."

पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघींनी आळीपाळीने पिशवी दाबली. जनादादा खिडकीतून अंग बाहेर काढून ओरडत होते, "सरका रं, मानूस हाय आत, मानूस हाय!" बाई पिशवी दाबताना सेक्रेटरीसाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, पण तालात. दाब, सेक्रेटरी, सोड, त्याचा मुडदा, थांब. आणि मध्येच आवाज एकदम उतरवून सोमीच्या कानाशी वाकायच्या. "सोमे, तुला सगळं ऐकू येतंय, मला माहीत आहे. हलता येत नाही म्हणून घाबरू नकोस. तू मेलेली नाहीस. हे विष उतरतं."

मला ते विचित्र वाटलं होतं. सोमी मेल्यासारखीच दिसत होती. डोळे मिटलेले, बोटसुद्धा हलत नव्हतं. एका वळणावर तिच्या नवऱ्याने मधली काच सरकवून मागे पाहिलं आणि मला विचारलं, "मेली का गं बाय? माझी बायको मेली का?" तेव्हा पिशवी माझ्या हातात होती. माझा हात थांबला नाही. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा सोमीच्या छातीकडे पाहायला लागल्या.

सोमी वाचली. काही आठवड्यांनी चालत वाडीवर गेली.

आता पुढचं ऐका. गावात बातमी झाली की ट्रस्टच्या मशीनने आदिवासी महिलेचे प्राण वाचवले. पाटावर बसलेल्या मशीनचा माळेसकट फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. ट्रस्टने सत्कार ठेवला. देणगीदार आले, शाल-श्रीफळ झालं, आणि बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाई उठल्या. खिशातून तो तांदळाचा दाणा काढला, तळहातावर ठेवून पहिल्या रांगेला दाखवला. "हा झडपेत होता," त्या म्हणाल्या. "मशीन चौकात मेलं. पुढे हाताने नेली. चार्जर कुलपात होता." आणि बसल्या. दोन शब्द सांगितले होते, त्यांनी थोडे जास्त वापरले.

पुढच्या महिन्यात त्यांना सांगण्यात आलं की आपल्या वयाचा विचार करून ट्रस्टने दुसऱ्या डॉक्टरांची सोय केली आहे. आमच्यापैकी कोणी ब्र काढला नाही असं नाही. मी काढला. मला बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लावायला बसवलं. मशीनसाठी काचेचं कपाट आलं, किल्ली ऑफिसात. फेरी बंद झाली. नवीन येणाऱ्या पोरींना अँबू दाबायला बसवणं बंद झालं. नवे डॉक्टर सभ्य होते, कोणाची आई मेल्याचं सांगत नव्हते. सगळ्यांना फार बरं वाटलं.

आणि पुढच्या खंडेनवमीला सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यातून कल्पना निघाली की मशीनची आरती सोमीच्या हातून करावी.

गाडी पाठवून तिला आणलं. नवी साडी नेसवली, माळ हातात दिली, आणि माइक पुढे केला. दोन शब्द बोल म्हणाले. या दोन शब्दांनी त्यांना शहाणपण कधी येणार देव जाणे. सोमी आधी लाजली, मग मशीनकडे बघून बोलायला लागली.

"सायेब बोलला, ह्या मशीननं तुला वाचवली. म्या समदा आयकत व्हते. डोळं मिटलेलं, पन कान उगडं व्हतं. ह्या तं मधीच गप झाला व्हता. ती म्हातारी बाय माज्या अंगात वारा भरत व्हती. दाब, सोड, दाब, सोड. मला बोलली, सोमे, तू मेली नाय. तवा मला कळला मी मेली नाय." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ती बाय कुठं हाय? नि मधी मधी ती सेक्रेटरी, सेक्रेटरी करून शिव्या देत व्हती. मला वाटला, त्या सापाचाच नाव हाय."

मागे जनादादा खो-खो हसले आणि लगेच खोकला काढला. सेक्रेटरीसाहेबही हसले, मोठ्या मनाने. माइक स्वतःकडे घेऊन म्हणाले, "बेशुद्धीत माणसाला असे भास होतात. पण श्रद्धा महत्त्वाची." टाळ्या झाल्या. सोमीच्या हाताला धरून आरती ओवाळून घेतली. तिच्या ओटीत नारळ घातला आणि गाडीत बसवून दिलं. ती काचेतून कोणाला तरी शोधत होती.

मला राहवलं नाही. ड्युटी संपल्यावर तशीच स्कूटी घेऊन पळसदरीला गेले. बाईंनी हॉस्पिटल सोडल्यापासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. धरणाच्या बाजूला दोन खोल्या, अंगणात ती स्कूटर, तिच्यावर वाळत घातलेलं पोतं. बाई हडकल्या होत्या. भिंतीवर खिळ्याला त्यांची स्वतःची अँबू टांगलेली होती, तोंडाला मोजा बांधलेला. मला वाटलं होतं त्या मला बघून विचारतील, का आलीस. त्यांनी नुसतं सरकून बसायला जागा केली.

मी सगळं सांगितलं. सोमीचा शब्दन् शब्द, सापाच्या नावासकट. वर्षभर मी त्यांच्यासाठी असं काहीतरी व्हावं म्हणून झुरत होते, आणि भर सभेत झालं होतं. मी बोलताना हसत होते आणि रडतही होते. बाई हसल्या नाहीत.

"गिळताना ठसका लागतो का तिला?" त्यांनी विचारलं.

"नाही. चांगला पेढा खाल्ला तिने."

"बरं. मशीन कुठे आहे?"

"हॉलमध्ये. पाटावर."

"चार्जिंगला आहे?"

माझं हसू तोंडावरच राहिलं. मी हॉस्पिटलला फोन लावला. वॉचमनने उचलला. मी म्हटलं, मशीन वॉर्डात नेऊन प्लगला लावायला सांगा. तो म्हणाला, "सिस्टर, उत्तरपूजा उद्या हाय. तवर हात लावायचा नाय, सायबांनी सांगितलंय. चार्जर आपीसात हाय, आपीस बंद."

खोली लहान, फोनचा आवाज मोठा. बाईंनी ऐकलं. त्या उठल्या, खिळ्यावरची पिशवी काढली, मोजा सोडवून खिशात ठेवला आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्यापर्यंत ही लागेल," त्या म्हणाल्या.

"बाई, माझी आता वॉर्डात ड्युटी नाही. आणि तिथल्या नव्या पोरींना ही धरतासुद्धा येत नाही."

"मग तू इथे काय करतेस?"

मी पिशवी स्कूटीच्या डिकीत ठेवली आणि परत हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले.